ख्रिस्ती घरांतील दुसरी पिढी

पूर्णा हें परभणी जिल्ह्यांतील जंक्शन. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो आणि हिंगोलीवरून अकोल्याकडे जाणारा फांटा येथेंच फुटतो. अशा गांवीं रेल्वेच्या नोकरीनिमित्त ठिकठिकाणचीं माणसें येतात, चार-सहा वर्षें राहतात आणि बदलीचा हुकूम आला कीं सामान बांधून निघतात. त्यांत एखादें मराठी ख्रिस्ती कुटुंबही असावयाचें. शेजारच्या घरांतील मुलांना त्यांचा धर्म कोणी मुद्दाम शिकवावा लागत नाहीं. पोळ्याला बैल सजतात, दसऱ्याला आपट्याचीं पानें हातांत पडतात, आषाढींत दिंडी दारावरून जाते, मोहरमांत ताबूत निघतात. गांवच मुलांचा गुरु होतो. ख्रिस्ती घरांतल्या मुलाला हा गुरु नाहीं. नाताळांत घरावर कागदी तारा लागतो, ही काय ती रस्त्याला दिसणारी खूण. बाकीचें सारें दाराच्या आंत घडावयाचें. इ. स. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांतील ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारें दहा लाख ऐंशी हजार भरली, म्हणजे शंभरांत एक असें प्रमाणही पुरतें पडत नाहीं; आणि त्यांतही मोठा भरणा मुंबई-ठाण्याच्या बाजूस. तेव्हां मराठवाड्यांतील जंक्शनावरच्या अशा घराला आपला धर्म मुलांच्या हातीं द्यावयाचा झाला, तर तो बहुतांशीं एकट्यानेंच द्यावा लागतो.

तो देतां तरी येतो काय? ख्रिस्ती धर्मानें ह्या बाबतींत स्वतःलाच एक पेंच घालून घेतला आहे. रोमन कॅथॉलिक, अँग्लिकन, मेथॉडिस्ट इत्यादि बहुतेक मंडळ्यांत तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा होतो. मूल झोळींत झोपलेलें असतें. त्याच्या वतीनें आईबाप वचन देतात. परंतु पुढें जाणतें वय झालें कीं त्या मुलानें मंडळीसमोर उभें राहून तें वचन स्वतःच्या तोंडानें पुन्हां उच्चारावयाचें असतें. कित्येक मंडळ्या ह्या विधीस दृढीकरण म्हणतात. बाप्टिस्ट लोक त्याहूनही कडक. समजून-उमजून मागितल्यावांचून ते बाप्तिस्माच देत नाहींत. सारांश, श्रद्धा हा वारसा आहे असें एका श्वासांत म्हणावयाचें आणि ती ज्याची त्यानेंच घ्यावयाची असते असें दुसऱ्या श्वासांत म्हणावयाचें. घर आणि शेत बापाकडून मुलाकडे जसें आपोआप जातें तशी ही मिळकत जात नाहीं.

मराठी मुलखांत हा पेंच अधिकच घट्ट बसला. एकोणिसाव्या शतकांत ज्या सुशिक्षित मराठी तरुणांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांनीं वाडवडिलांचा धर्म, जात आणि पुष्कळदां घरही सोडलें होतें. मनास पटलें तें करावें, मग बाप रागावो कीं समाज वाळीत टाको, हाच त्यांचा बाणा. पुढें त्यांनाही मुलें झालीं. ज्यानें स्वतः वडिलांचा धर्म सोडला त्यानें मुलाला ‘वडिलांचा धर्म पाळ’ म्हणून कोणत्या तोंडानें सांगावें?

१८४३ सालीं मुंबईंत हा प्रश्न उलट बाजूनें न्यायालयांतच गेला. नारायण शेषाद्रि ह्या ब्राह्मण तरुणानें स्कॉटिश मिशनच्या पाद्र्यांकडे बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच्याबरोबर मिशनच्या आश्रयास होता, परंतु तो अजाण होता. वडिलांनीं दाद मागितली आणि न्यायालयानें मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. एवढ्यानें प्रकरण मिटलें नाहीं. पाद्र्यांच्या घरीं राहिलेल्या मुलास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, ह्यावर मुंबईचा ब्राह्मणवर्ग दुभंगला. बाळशास्त्री जांभेकर घ्यावें ह्या बाजूस उभे राहिले आणि त्याबद्दल त्यांनीं सनातन्यांचा रोष पत्करला. ह्या साऱ्या गदारोळांत मिशनरी, वडील, शास्त्री आणि न्यायाधीश ह्या सर्वांस श्रीपतच्या आत्म्याची काळजी होती. श्रीपतला स्वतःला काय वाटतें ह्याची चौकशी मात्र कोणत्याही पक्षाच्या युक्तिवादांत दुय्यमच राहिली. मूल कोणाच्या धर्माचें, हा वाद मोठीं माणसें आपसांत घालतात तेव्हां मुलाची गत अशीच होते.

ह्या प्रकरणानंतर सुमारें अर्ध्या शतकानें एका दुसऱ्या घरांत हाच प्रश्न उभा राहिला, आणि तेथें त्याचा निकाल न्यायालयावांचून लागला. पूर्णेहून मनमाडच्या गाडींत बसावें, मनमाडास गाडी बदलावी, म्हणजे अहमदनगर येतें. १८३१ पासून तेथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें, आणि पुढें त्याच गांवीं नारायण वामन टिळकांचें बिऱ्हाड नांदलें. टिळकांची कथाही आगगाडीपासूनच सुरू होते. राजनांदगांवास जात असतां डब्यांतील एका युरोपियन प्रवाशानें त्यांच्या हातीं बायबलांतील नवा करार ठेवला. तो वाचतां वाचतां त्यांचें मन पालटलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हां आप्तांकडे होत्या. मुलगा दत्तू अवघा चार वर्षांचा.

त्या वेळच्या कायद्यानें आणि रूढीनें मुलावर बापाचा हक्क मोठा. टिळकांनीं मनांत आणलें असतें तर त्यांस भांडतां आलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. मुलगा आईपाशीं राहिला. आई हिंदूच राहिली. पतिपत्नींचा हा वियोग जवळजवळ पांच वर्षें चालला. पुढें लक्ष्मीबाई टिळकांच्या जवळपास येऊन राहूं लागल्या, तरी त्यांचें पाणी निराळें आणि चूल निराळी. जलालपूरच्या गोखल्यांच्या ज्या घरांत त्या वाढल्या होत्या तेथें वडिलांचें सोंवळें कमालीचें कडक होतें; जळणापासून मिठापर्यंत सारें धुऊन घेण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. तो वारसा लक्ष्मीबाईंच्या हाडींमांसीं खिळला होता. टिळकांनीं तो उपटून काढण्याची घाई केली नाहीं. निराळी चूल त्यांनीं सोसली, आणि कवीच्या तापट स्वभावाला हें सोपें गेलें असेल असें स्मृतिचित्रें वाचणाऱ्या कोणासही वाटणार नाहीं. शेवटीं जातिभेद देवानें केला कीं माणसानें, ह्या एका प्रश्नाशीं लक्ष्मीबाई स्वतःच्या विचारानेंच भिडल्या, आणि त्यांच्या मनांतील भिंत कोसळली. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

ह्या घराचें दुसरें एक लक्षण ध्यानांत घेण्याजोगें आहे. बालकवि ठोमरे अहमदनगरास ह्याच टिळकांच्या बिऱ्हाडीं मुलासारखे राहिले. घरांत उपासना चाले, भजनें होत, टिळकांसारखा उत्साही धर्मोपदेशक दिवसरात्र समोर असे. बालकवि हिंदूच राहिले आणि घरचे ते घरचेच राहिले. ज्या घरांत परक्याच्या मुलालाही हवें तें मानण्याची मोकळीक आहे, त्या घरांतल्या पोटच्या मुलाची श्रद्धा ही केवळ धाकाची वा सवयीची उरत नाहीं. देवदत्त टिळक पुढें ख्रिस्ती लेखक व संपादक म्हणून नांवारूपास आले, ते अशा घरांतून.

मोकळीक दिली म्हणजे सारें झालें, असें मात्र नव्हे. कांहींच हातीं न देतां मुलास ‘तुझें तूं ठरव’ म्हणणें हें रिकाम्या ताटावर बसवून ‘आवडेल तें वाढून घे’ म्हणण्यासारखें आहे. टिळकांनीं ताट भरलें होतें, आणि तें मराठी अन्नानें. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलों असें ते म्हणत. त्यांनीं अभंग लिहिले, पदें रचलीं, मुलांसाठीं कविता केल्या. त्यांच्या पूर्वीं मराठी देवळांतून इंग्रजी स्तोत्रांचीं भाषांतरें विलायती चालींवर म्हटलीं जात. त्यांतील शब्द मराठी असले तरी श्वास मराठी नसे. टिळकांचीं अनेक पदें ‘उपासना संगीत’ ह्या संग्रहांत गेलीं आणि तेथून माजघरांत उतरलीं. पोरें झोपवतांना, भाकऱ्या थापतांना म्हणतां येईल असें कांहीं ख्रिस्ती आईच्या ओठीं आलें. धर्मज्ञान प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांतून मिळूं शकतें. पण सहा वर्षांच्या मुलाच्या मनांत जें ठाण मांडतें तें बहुधा चालीवर बसलेलें असतें.

ही गोष्ट प्रथम ओळखली ती मात्र टिळकांनीं नव्हे. तिचा इतिहास तीन शतकें मागें गोमंतकांत जातो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांत राहिला. जुनीं पुराणें त्या लोकांच्या हातांतून काढून घेण्यांत आलीं होतीं. त्याच्या ग्रंथांतच असा प्रसंग आहे कीं एक ब्राह्मण त्यास विचारतो: आमचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास कांहीं द्याल कीं नाहीं? हा प्रश्न रास्त होता, आणि स्टीफन्सनें त्याचें उत्तर सुमारें अकरा हजार ओव्यांनीं दिलें. त्याचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें, आणि त्याच शतकांत त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ज्ञानेश्वरीच्या वळणाची ओवी, मराठी भाषेची मनापासून स्तुति आणि कथा मात्र बायबलांतील. देवळांतून तें वाचलें जाई आणि न वाचतां येणाऱ्यांस तें ऐकून पाठ होई.

पुढें १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. भाषा कांहीं मेली नाहीं. फर्मानानें भाषा मरत नसतात. परंतु चौथी आवृत्ति गोव्यांत निघाली नाहीं. क्रिस्तपुराण जगलें तें दक्षिणेकडे, मंगळूरच्या ख्रिस्ती कुटुंबांत, हस्तलिखित पोथ्यांच्या रूपानें. तेथेंच १९०७ सालीं तें पुन्हां छापलें गेलें, आणि १९५६ सालीं प्राध्यापक शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनानें तें देवनागरींत आलें. सत्ता हातीं असलेल्या मंडळींस जें टिकवितां आलें नाहीं, किंबहुना जें त्यांनींच धोक्यांत घातलें, तें घरांतल्या पोथीनें टिकविलें.

अहमदनगरच्या मंडळीनेंही असेच मार्ग शोधले. १८६० नंतरच्या दशकांत तेथें ख्रिस्ती कीर्तनास आरंभ झाला. बुवा, झांज, मृदंग, पूर्वरंग आणि उत्तररंग हें सारें तेंच, आख्यान मात्र योसेफाचें किंवा उधळ्या पुत्राचें. त्याच्या पुढच्या दशकांत ‘बालबोधमेवा’ हें मुलांचें मासिक निघालें. नारायण वामन टिळक त्याच्या संपादनांत होते आणि पुढें देवदत्तही झाले, म्हणजे तें संपादकत्वसुद्धां एका पिढीकडून दुसरीकडे गेलें. शब्बाथशाळा, अर्थात् रविवारच्या मुलांच्या शाळा, ठिकठिकाणीं भरत. त्यांत वचनें पाठ करून घेत आणि बक्षिसादाखल चित्रांचीं कार्डें वाटीत.

ह्या संस्थांनीं फार काम केलें, हें खरें. परंतु त्यांनींच एक दोषही निर्माण केला. मिशनच्या आवाराला लोक ‘कंपाउंड’ म्हणत. शाळा, दवाखाना, देऊळ, बोर्डिंग आणि कामगारांचे बंगले एकाच कुंपणांत. तेथें वाढलेल्या मुलाचा धर्म कुंपणानेंच सांभाळला; आईबापांस वेगळें कांहीं करावें लागलें नाहीं. पहिल्या पिढीनें श्रद्धेपायीं सर्वस्व गमावलें होतें. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला तिच्याच जोरावर शाळेंत जागा आणि दवाखान्यांत नोकरी मिळूं लागली. टिळकांस हें जाचत असे. १९१७ सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ ह्या नांवानें बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंसही मोकळा असा बंधुसंघ काढला. पुढें दोनच वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, ते वारले आणि तो प्रयोग तेथेंच थांबला. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परत गेले आणि १९७० सालीं नागपुरांत अनेक मंडळ्या एकवटून उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. कुंपणांची जुनी सावली आंखडली. बदलीच्या नोकरीवर पूर्णेसारख्या गांवीं जाणाऱ्या कुटुंबास तर ती सोबत नेतां येण्यासारखी नव्हतीच.

मराठवाड्याचा विचार करतांना आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. वर ज्यांचें नांव आलें तेच नारायण शेषाद्रि पुढें निजामाच्या मुलखांत आले आणि जालन्याजवळ त्यांनीं बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत वसविली. जालनें हें पूर्णेच्याच लोहमार्गावरचें गांव. ह्या वसाहतींतील कुटुंबें मुख्यतः मांग आणि महार समाजांतून आलेलीं. त्यांची कथा टिळकांच्या कथेहून निराळी आहे. येथें एकटा मुलगा बापाला सोडून आला नाहीं. घरेंच्या घरें आलीं. त्यांनीं मुलांस दिलेल्या वारशांत प्रार्थना होती तशीच ताठ मानेनें उभें राहण्याची संवयही होती. विहिरीवर पाणी भरण्याची, पाटीवर अक्षर गिरविण्याची, देवळांत पुढच्या बाकावर बसण्याची संवय.

आणि ह्याच कुटुंबांपुढें कायद्यानें एक अवघड प्रश्न आणून ठेवला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या. १९५६ सालीं त्यांत शीखांचा आणि १९९० सालीं बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती लोकांचा झालेला नाहीं. मुलाला शाळेंत घालतांना धर्माच्या रकान्यांत काय लिहावयाचें, हा म्हणून साधा प्रश्न राहत नाहीं. खरें तें लिहावें तर मुलाच्या शिष्यवृत्तीवर आणि पुढल्या नोकरीवर पाणी सोडावें लागतें. जुनी जात लिहावी तर मुलगा घरीं एक आणि दाखल्यावर दुसरा होतो. देशांत अनेक कुटुंबांनीं हा दुसरा मार्ग धरला आहे. त्यांस भित्रें म्हणणें सोपें आहे. ज्याच्या मुलाची फी थकलेली नाहीं त्याला तें अधिकच सोपें आहे. परंतु मुलें फार चाणाक्ष असतात. ज्या गोष्टीबद्दल वडील मास्तरांसमोर गप्प राहतात ती गोष्ट मोलाची कीं लाजेची, असा हिशेब तीं मनांतल्या मनांत करीत असतात, आणि त्याचें उत्तर त्यांस मोठ्या माणसांनीं उघडपणें बोलूनच दिलें पाहिजे. आपल्या धर्माचें मोल आणि त्याची किंमत ह्या दोन गोष्टी मुलांस एकाच वेळीं कळण्याचा प्रसंग तो हाच.

वसईच्या कॅथॉलिक समाजाची स्थिति ह्याहून निराळी. तेथें गांवोगांव देवळें, सण आणि लग्नांतलीं गाणीं असल्यामुळें मुलास गांवाकडूनही शिकवण मिळते. तरीही उपासनेची मुख्य भाषा मात्र शतकानुशतकें लॅटिन होती. १९६२ ते १९६५ ह्या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषांस मुभा दिली आणि आजीला जें अर्थ न कळतां पाठ होतें तें नातवाला मराठींत कळूं लागलें. ह्याच भूमींतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनीं २०१० सालीं ‘सुबोध बायबल’ मराठींत आणलें, आणि २०२० च्या जानेवारींत उस्मानाबादेस, म्हणजे मराठवाड्यांतच, भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें.

आज हा प्रश्न पुन्हां भाषेपाशींच येऊन ठेपला आहे. शहरांतील ख्रिस्ती घरांतलीं मुलें बहुधा इंग्रजी शाळांत जातात. आजीचें मराठी बायबल त्यांना अडखळत वाचतां येतें आणि ‘उपासना संगीता’तल्या पदांतले निम्मे शब्द त्यांना विचारावे लागतात. विचारले तर बरेंच. विचारीत नाहींत तेव्हां आजीचा धर्म हा आजीचा होऊन बसतो. २०२० च्या टाळेबंदींत देवळांचे दरवाजे बंद झाले, तेव्हां उपासना दूरध्वनीच्या पडद्यावर आली आणि मराठी भजनें दूरदूरच्या घरांत पोंचलीं. परंतु प्रार्थना कोणी करावयाची, शास्त्रपाठ कोणी वाचावयाचा, हें पाळकाऐवजीं आईबापांसच ठरवावें लागलें. वर्षानुवर्षें रविवारीं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेले शब्द पुष्कळ मुलांनीं प्रथमच आपल्या बापाच्या तोंडून ऐकले.

टिळकांच्या घरीं हें देणेंघेणें एका पिढीवर थांबलें नाहीं, आणि तें नेहमीं वरून खालींच वाहिलें असेंही नाहीं. टिळकांनीं १९०९ च्या सुमारास ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य आरंभिलें होतें. दहाएक अध्याय झाले आणि मृत्यूनें लेखणी थांबविली. ज्या बाईनें एके काळीं ह्याच धर्मापायीं आपली चूल वेगळी मांडली होती, तिनें पुढले चौसष्ट अध्याय लिहिले. तिला शाळा ठाऊक नव्हती. आणि देवदत्तांनीं वडिलांचें चरित्र लिहावयाचें मनांत धरून आईस आठवणी विचारल्या, तेव्हां ती सांगूं-लिहूं लागली. त्यांतूनच ‘स्मृतिचित्रें’ चार भागांत १९३४ ते १९३६ ह्या काळांत बाहेर पडलीं. लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारींत वारल्या. पुढें त्या पुस्तकाची अभिनव आवृत्ति तयार करण्याचें काम नातवानें, अशोक देवदत्त टिळकांनीं, अंगावर घेतलें. आजीनें निराळ्या चुलीबद्दल, भांडणांबद्दल, आपल्या हट्टाबद्दल आणि टिळकांच्या विसरभोळेपणाबद्दल जें जें लिहिलें होतें, त्यांतील कांहीं एक न झांकतां त्यानें तें पुढच्या वाचकांच्या हातीं दिलें.